बेअरिंग जळायच्या आठ दिवस आधी

जानेवारीतल्या एका रात्री आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करायच्या कारखान्यात, चौदा नंबरच्या मशीनचं बेअरिंग जळालं. धूर दिसला, कोणीतरी मेन स्विच पाडला, वाळूच्या बादल्या आल्या आणि नशिबानं आग पुढं सरकली नाही. जिनिंगमध्ये चहूकडे रुईच रुई असते, ठिणगीला तिथं फारसं निमंत्रण लागत नाही. सकाळी मी हेडफिटरला, रात्रपाळीच्या ऑपरेटरला आणि खाली सरकी झाडणाऱ्या मावशीला वेगवेगळं विचारलं. तिघांनाही माहीत होतं.

"आवाज तं आठ दिवसापासून येऊन रायला होता," ऑपरेटर म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"कोनाले सांगू साहेब? सांगतलं असतं तं तुमीच म्हनले असते, सीझनमंदी मशीन कायले बंद केली."

मी गप्प बसलो, कारण मी तसंच म्हणालो असतो. मागच्याच महिन्यात एकाला म्हणालोही होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हे जिनिंग सांभाळतो. ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याचा कापूस येतो, त्यातून सरकी वेगळी होते, उरलेल्या रुईची दाबून गठाण बांधली जाते. एक गठाण १७० किलोची. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. जुनी माणसं मशीनला अजून रेचाच म्हणतात. चामड्याचे दोन रूळ फिरतात, ते तंतू ओढतात, पट्टी सरकीला ठोकते आणि सरकी जाळीतून खाली पडते. आमच्याकडे अशी चोवीस मशीन आहेत. दिवाळीला सुरुवात, मार्च-एप्रिलला शेवट. त्या पाच महिन्यांत मशीन थांबली की मालकाच्या छातीत कळ येते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे 'समस्या सोडवण्याची संस्कृती' हे प्रकरण. शब्द ऐकला की नागपूरच्या हॉटेलातलं प्रशिक्षण डोळ्यांपुढं येतं. गळ्यात ओळखपत्र, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. मीही अशा एका प्रशिक्षणाला जाऊन आलो आहे. जेवण चांगलं होतं. पण सरळ भाषेत त्याचा अर्थ एवढाच निघतो: कामात काही बिघडलं, अडलं किंवा नुसतं खटकलं, तर ते ज्याला पहिल्यांदा दिसतं त्याला सांगायची भीती वाटू नये. ऐकणाऱ्यानं आधी कारण शोधावं, माणूस नंतर. आणि पुढं काय झालं ते सांगणाऱ्यापर्यंत परत पोहोचावं. लिहायचे फळे, फॉर्म, तक्ते, मीटिंगा हा सगळा पुढचा पसारा आहे, आणि तो पहिल्या गोष्टीवर उभा आहे. वाईट बातमी आणणाऱ्याचं पहिल्या पाच मिनिटांत काय होतं, हे बाकीचे सगळे बघत असतात. तेवढ्यावर ते पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधतात.

या विषयाचा उगम सूत-कापडाच्या धंद्यातलाच आहे, म्हणून मला तो जवळचा वाटतो. जपानचे साकिची टोयोडा हे सुताराचे पोर. हातमाग, यंत्रमाग यांत त्यांनी हयात घालवली. त्यांच्या मागाची गंमत अशी की, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्याआधी तुटलेल्या धाग्यावर माग तसाच चालत राही आणि वारभर कापड खराब झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येई. १९२४ साली त्यांचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. पुढं १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. ही तीच प्लॅट, जिची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत असायची. त्या पैशाच्या आधारानं टोयोडांच्या मुलानं मोटारी बनवायच्या खटपटी सुरू केल्या आणि त्यातून टोयोटा कंपनी उभी राहिली. मोटारीच्या कारखान्यातही त्यांनी मागाचंच तत्त्व लावलं. काही चुकलं की थांबा, चूक पुढं पाठवू नका.

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते, काही ठिकाणी आता तिच्या जागी बटण आलं आहे. काही खटकलं की ती ओढायची. ही दोरी बऱ्याच लेखांतून येते, पण तिचा अर्धाच भाग सांगतात. दोरी ओढल्याबरोबर लाइन, म्हणजे गाड्या जोडायची सरकती रांग, थांबत नाही. आधी दिवा लागतो, धून वाजते आणि गटप्रमुख धावत येतो. त्या टप्प्याचं काम संपायच्या आत अडचण सुटली तर लाइन चालूच राहते, नाही सुटली तर थांबते. म्हणजे दोरीचा खरा उपयोग असा की ओढली की कोणीतरी येतं. आमच्याकडे कोणी येत नव्हतं. आलं तर खेकसायला यायचं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "अहो, जपानी माणूस वेगळा, आपला वेगळा." मीही असंच म्हणायचो. मग कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्याची गोष्ट वाचनात आली. जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, सदोष गाड्या, सगळ्याच बाबतींत तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला आणि कामगार घेतले ते बरेचसे तेच जुने. संघटनाही तीच. फरक असा की आता त्यांच्या हातात दोरी दिली आणि ओढल्यावर शिक्षा बंद केली. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांच्या पुढं गेला. माणसं तीच होती. हे वाचल्यावर 'आपली माणसंच अशी' हे माझं आवडतं वाक्य मला सोडावं लागलं. सोपं नव्हतं, वाक्य फार सोयीचं होतं.

आमच्याकडे दोरी बांधायला लाइन नाही, तर आम्ही लाल चिंधी घेतली. प्रत्येक मशीनच्या खांबाला एक खिळा, खिळ्याला चिंधी. काही खटकलं की चिंधी मशीनवर बांधायची. चिंधी दिसली की फिटरनं दहा मिनिटांत तिथं पोहोचायचं आणि पोहोचल्यावर पहिला शब्द 'दाखव' हाच बोलायचा. 'काय केलंस' म्हणायचं नाही. कागदावर लिहून लावलं, सगळ्यांना वाचून दाखवलं, हिंदीतही सांगितलं, कारण आमचे निम्मे ऑपरेटर मध्य प्रदेश आणि बिहारकडचे.

बारा दिवस एकही चिंधी बांधली गेली नाही.

तेराव्या दिवशी नऊ नंबरवर चिंधी दिसली. मशीन थांबवली, फिटर गेला, मीही गेलो. आवाज येत होता तो बेअरिंगचा नव्हताच. पट्ट्यावरच्या पत्र्याच्या झाकणाचा एक बोल्ट ढिला झाला होता. वीस मिनिटं गेली ती एका बोल्टपायी. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आजूबाजूच्या मशीनवरचे सगळे हात चालू ठेवून माना वळवून बघत होते. मला आतून चिडल्यासारखं झालं होतं, हे खोटं कशाला सांगू. पण तोंडातून "बरं झालं सांगितलंस, झाकण निसटून पट्ट्यात गेलं असतं" असं निघालं. आणि ते खरंही होतं. त्या आठवड्यात सहा चिंध्या लागल्या. त्यातल्या दोन बेअरिंगच्या.

वीस मिनिटांचा हिशेब मालकालाही द्यावा लागला. चोवीसपैकी एक मशीन वीस मिनिटं थांबली, याचं नुकसान किती? आणि चौदा नंबर जळाल्यावर दोन दिवस बंद होती, तिचं किती? कागदावर मांडलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. आमच्या मालकांचं न बोलणं म्हणजे होकार.

आता कारण शोधण्याकडे वळू. टोयोटाचे ताईची ओनो सांगत, पाच वेळा 'का' विचारा. युक्ती इतकी साधी वाटते की लोक ती न वापरताच मान डोलावतात. आम्ही चौदा नंबरवर ती वापरली, कार्यालयात बसून नव्हे, मशीनपाशी उकिडवं बसून. बेअरिंग का जळालं? ग्रीस नव्हतं. ग्रीस का नव्हतं? ग्रीस भरायच्या निप्पलच्या तोंडाशी रुईची भुसभुस घट्ट बसली होती, पंपानं मारलेलं ग्रीस बाहेरच येत होतं. ती साफ का केली नाही? निप्पल भिंतीच्या बाजूला आहे, मशीन चालू असताना तिथं हात घालणं म्हणजे बोटं गमावणं. मग मशीन बंद करून का नाही केलं? पाळी बदलताना दहा मिनिटं मिळतात, त्यात चोवीस मशीन होत नाहीत, मग भिंतीकडची सुटतात. जास्त वेळ का घेत नाहीत?

इथं हेडफिटरनं माझ्याकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं. मीच एक रजिस्टर सुरू केलं होतं, 'बंद वेळ' नावाचं. मशीन किती वेळ बंद आणि कोणामुळं. 'कोणामुळं' या रकान्यात ज्याचं नाव यायचं त्याला शनिवारी मी बोलवायचो. त्या रकान्यात नाव येऊ नये म्हणून कोणी मशीन बंदच करत नव्हतं. पाचवा 'का' फिरून माझ्या टेबलावर येऊन बसला होता.

उपाय दोन झाले. तांब्याची बारीक नळी लावून निप्पलचं तोंड पुढच्या बाजूला आणलं, म्हणजे भिंतीकडं हात घालायची गरजच उरली नाही. आणि रजिस्टरात 'कोणामुळं'च्या जागी 'कशामुळं' लिहिलं. खर्च पहिल्याला आला, त्रास दुसऱ्याचा झाला.

या 'का'च्या साखळीत एक खड्डा आहे आणि आपण सगळे त्यात पडतो. तिसऱ्या 'का'पाशी उत्तर येतं 'हलगर्जीपणा', आणि सगळ्यांना बरं वाटतं. गुन्हेगार सापडला, चहा मागवा. पण 'माणसानं लक्ष दिलं नाही' हे उत्तर आलं की तिथं थांबायचं नसतं. लक्ष का गेलं नाही, हे विचारायचं असतं. बारा तासांची पाळी होती का, उजेड कमी होता का, दोन सारखी बटणं शेजारी होती का. दुसरी माणसं त्याच जागी उभी केली असती तर तीही चुकली असती का? उत्तर 'हो' असेल तर माणूस बदलून काही हाती लागत नाही.

याचा अर्थ कोणाला काही बोलायचंच नाही, असा नाही. कापसाच्या गंजीजवळ बिडी ओढणाऱ्याला आमच्याकडे त्याच दिवशी घरी पाठवतात आणि ते बरोबरच आहे. विसरणं आणि माहीत असून करणं यांत फरक असतो, तो ठेवलाच पाहिजे. तरी बिडीच्या बाबतीतही एक 'का' विचारायला हवा होता, तो आम्ही उशिरा विचारला. फाटकाबाहेर सावलीची जागाच नव्हती. माणसं उन्हात उभी राहायची नाहीत, आत सावली शोधायची. आता फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बाक आहे आणि पाण्यानं भरलेला डबा आहे. गंजीजवळ बिडीचं थोटूक सापडून बराच काळ झाला.

आता जुगाडाबद्दल. विदर्भात, म्हणजे तसं देशभरातच, जुगाड करणाऱ्या माणसाला मान असतो. पट्टा तुटला की सुतळीनं बांधून पाळी काढणारा फिटर म्हणजे हिरो. माझं मत आता बदललं आहे. जुगाड रात्र काढायला चांगला, पण सकाळी तो कोणाला तरी सांगितला गेला नाही तर तो आजार लपवतो. ॲनिटा टकर आणि एमी एडमंडसन या दोघी संशोधकांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत परिचारिकांचं काम जवळून पाहिलं आणि २००३ मध्ये त्याबद्दल लिहिलं. चादरी संपल्या की परिचारिका शेजारच्या वॉर्डातून आणायची, औषध आलं नाही की फोन करून मिळवायची. रुग्णाची सोय व्हायची, ती कामाला लागायची. पण चादरी रोज का संपतात हे कोणी कोणाला सांगायचं नाही, आणि शेजारच्या वॉर्डात मात्र चादरी कमी पडायच्या. मेहनती, हुशार माणसांमुळंच अडचण टिकून राहत होती. वाचताना मला आमचा सुतळीवाला फिटर दिसत होता. आता त्याला सांगितलंय, जुगाड कर, पण त्यावर चिंधी बांध. चिंधी सुटेपर्यंत तो जुगाडच, दुरुस्ती नाही.

याच एडमंडसन बाईंचं त्याआधीचं एक निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. औषध देण्यातल्या चुका कोणत्या गटांत कमी होतात, हे त्या रुग्णालयांत मोजत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या, एकोप्यानं चालणाऱ्या गटांत चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत चुका जास्त. खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. वाईट गटांत झाकल्या जात होत्या. पुढं १९९९ मध्ये त्यांनी एका कारखान्यातल्या गटांवर जो लेख लिहिला त्यातून 'मानसिक सुरक्षितता' हा शब्द व्यवस्थापनाच्या जगात रुळला. शब्द जड आहे. आमच्या भाषेत, साहेबापुढं बोलताना पोटात गोळा न येणं.

म्हणून चिंध्यांची संख्या वाढली की आता मी घाबरत नाही. एखाद्या आठवड्यात एकही चिंधी लागली नाही की मात्र फेरी मारतो.

बोलतं करायचा एक जुना, फसलेला प्रयत्नही सांगायला हवा. पूर्वी एके ठिकाणी नोकरीला असताना तिथं सूचनापेटी होती. लाकडी, कुलूप लावलेली, वर सोनेरी अक्षरं. वर्षानं उघडली तेव्हा आत गुटख्याच्या पुड्या, एक लग्नपत्रिका आणि 'पगार वाढवा' अशी एक चिठ्ठी निघाली. पगार वाढला नाही आणि चिठ्ठीला उत्तरही गेलं नाही. पेटी पुन्हा कुलूप लावून टांगली. पेटीत टाकलेलं विहिरीत टाकल्यासारखं असेल तर टाकणार कोण?

आता आमच्याकडे पेटी नाही, काळा फळा आहे. काय खटकलं, कोणी सांगितलं, काय ठरलं, कधीपर्यंत, असे चार रकाने. सांगणाऱ्याचं नाव त्याला चालत असेल तरच. वाचता येत नाही त्यांच्यासाठी मशीनचा नंबर आणि एक खूण: ग्रीसला थेंब, आवाजाला कान, धाग्याला वेटोळं. दिवसपाळी सुरू होताना दहा मिनिटं सगळे फळ्यापुढं उभे राहतात. एकच पथ्य कडक आहे: आठ दिवसांत प्रत्येक ओळीला उत्तर. 'नाही' हेही उत्तर चालतं, पण कारणासकट. "नवीन पंखे यंदा नाही, पैसे गठाणीच्या प्रेसच्या दुरुस्तीत गेले" असं म्हटलं तर माणसं कुरकुरतात, पण पुढच्या वेळी पुन्हा बोलतात. उत्तरच मिळालं नाही तर बोलणं बंद होतं.

आता मावशीच्या डब्याची गोष्ट.

रुईत प्लास्टिकचा धागा गेला की सूतगिरणीवाला भाव पाडतो. खताच्या किंवा सिमेंटच्या पोत्याचा तो बारीक पांढरा धागा, कापसात दिसतच नाही. सूत कातलं जातं, कापड होतं, रंग लावल्यावर त्या जागी रंगच धरत नाही. आमच्या तक्रारी वाढल्या तेव्हा आम्ही सरळ शेतकऱ्यांवर ढकललं. वेचणीला कापडी झोळ्या वापरा, पोती वापरू नका, असे कागद वाटले. आणि आत कापूस निवडणाऱ्या बायकांना सांगितलं, डोळे उघडे ठेवा.

एक दिवस त्यांच्यातल्या एका मावशीनं पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. आत धाग्यांची वेटोळी. महिनाभर साठवले होते.

"हे पाहा भाऊ. या धाग्याले दोन्ही टोकं कापलेले हायेत."

मला कळेना.

"शेतातून येते तं उसवून येते, टोक पिंजलेलं ऱ्हाते. हे सुरीनं कापलेलं हाय. हे आपल्याच फाटकात होऊन रायलं."

उठून बाहेर गेलो. छोटे शेतकरी पोत्यांत कापूस भरून आणतात. हमाल ती ढिगावरच उभी करत, विळ्यानं तोंडाची शिवण सपकन कापत आणि पोतं उलटं करत. कापलेल्या शिवणीचे तुकडे सगळ्यात आधी कापसात जात होते. शेतकऱ्यांना कागद वाटण्यात आम्ही जे पैसे घातले त्याची मला लाज वाटली. आता पोतं ढिगापासून लांब, सिमेंटच्या ओट्यावर ठेवतात, शिवणीचं टोक धरून अख्खा धागा ओढून काढतात आणि खिळ्याला अडकवतात. पोत्यामागं अर्धं मिनिट जास्त जातं. हमालांना ते अर्धं मिनिट परवडावं म्हणून पोत्यामागचा दर थोडा वाढवावा लागला, नाहीतर चार दिवसांत विळा परत आला असता. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उपायाचा भार ज्याच्या खांद्यावर पडतो त्याचा हिशेब केला नाही तर उपाय टिकत नाही. शेतातून येणारा धागा अजून येतोच, पण डब्यातली वेटोळी निम्म्याच्याही खाली आली.

मावशीला ते दिसलं, कारण रोज आठ तास तिची बोटं त्या कापसात असतात. कोणत्या सल्लागाराची असतात?

आपल्याकडे याची मोठी उदाहरणं आहेत आणि ती कारखान्याबाहेरची आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळं का दगावतात याचा पाठपुरावा केला. बाळंतपणं घरी, रुग्णालय लांब, डॉक्टर येत नाही. 'लोक अडाणी आहेत' या उत्तरापाशी थांबता आलं असतं. त्यांनी गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळ ऊबदार ठेवणं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि उपचार करणं. ३९ गावांत हे काम झालं. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचा दर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. जिथं अडचण आहे तिथल्याच माणसाच्या हाती ज्ञान आणि अधिकार दोन्ही दिले, हा त्यातला भाग मला आमच्या कामाचा वाटतो. नुसता अधिकार दिला असता तर घोटाळा झाला असता. आमच्या ऑपरेटरला चिंधी दिली तेव्हा बेअरिंगचा आवाज कसा ओळखायचा हेही शिकवावं लागलं. दांडक्याचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानाला लावून ऐकायचं, हेडफिटरची जुनी पद्धत.

गडचिरोलीतच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. हक्काची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला रस आहे तो त्यांच्या दोन सवयींत. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं घ्यायचा. आणि निर्णयाच्या सभेपासून वेगळा एक अभ्यासगट, तिथं विषय नुसता समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारायचे. समजून घेणं आणि ठरवणं ही दोन कामं वेगळी ठेवली की भांडण निम्मं होतं. आमच्या मीटिंगांत उलटं चालायचं. अडचण सांगून संपायच्या आत कोणीतरी उपाय फेकायचा आणि मग अडचण बाजूला राहून उपायावरून जुंपायची. आता फळ्यावर सोमवारी फक्त अडचण येते, उपाय बुधवारी. दोन दिवस लोक मशीनपाशी जाऊन बघून येतात. घाईच्या गोष्टींना हे लागू नाही. धूर दिसला की अभ्यासगट नसतो, स्विच पाडायचा असतो.

सर्वसहमती मात्र आमच्याकडे जमत नाही. मालक आहेत, मी आहे, ठेकेदार आहे. गावात ज्याच्या वाड्यासमोरून चप्पल काढून जायची जुनी सवय, त्याच घरातला माणूस ठेकेदार असेल तर मजूर फळ्यापुढं काय बोलणार? हे चिंधीनं सुटत नाही. ठेकेदाराला मीटिंगमधून बाहेर ठेवल्यावर थोडं बोलणं वाढलं, एवढंच सांगू शकतो. तसंच पगाराचं. मजुरी थकवून ठेवायची आणि फळा लावायचा, हा निव्वळ कावा झाला आणि तो माणसांना पहिल्याच दिवशी कळतो. कापसाचा भाव आणि विजेचं भारनियमन यांवर फळ्यावर लिहून काही होत नाही. ते लिहू नका असं मात्र मी म्हणत नाही. लिहिलं की निदान कळतं, लोकांच्या डोक्यात काय आहे.

हंगामी कारखान्याचं आणखी एक दुखणं म्हणजे विसर. एप्रिलमध्ये माणसं पांगतात, दिवाळीला निम्मी नवी येतात आणि शिकलेलं सगळं पुन्हा शून्यावर. म्हणून फळ्यावरची प्रत्येक ओळ वहीत उतरवून ठेवतो. सीझनच्या पहिल्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला की मशीन सुरू करायच्या आधी गेल्या वर्षीची वही मोठ्यानं वाचतो. आधी मराठीत, मग हिंदीत. दीड तास जातो. पहिल्या वर्षी मालक घड्याळ बघत होते. दुसऱ्या वर्षी खुर्ची मागवली.

वही वाचताना एकदा लक्षात आलं की, दोन सीझनमध्ये बायकांनी सांगितलेल्या ओळी मोजून नऊ, आणि सगळ्या कापसाबद्दलच्या. स्वतःबद्दल एकही नाही. मजुरांत निम्म्याहून जास्त बायका. सकाळच्या मीटिंगला पुढं पुरुष उभे, बायका मागं पदर तोंडाशी धरून. आमच्या कार्यालयात हिशेब बघणारी एक ताई आहे, तिला म्हटलं तू त्यांच्यात बस, मी येत नाही. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाता खाता त्यांनी तिला सांगितलं: संडास फाटकाजवळ, ट्रकवाल्यांच्या गर्दीतून जावं लागतं, म्हणून सकाळपासून कोणी पाणीच पीत नाही. दुपारी चक्कर येते, डोकं दुखतं, मग निवडताना धागा सुटतो. तीन वर्षं मी धाग्यांचं मूळ शोधत होतो आणि त्यातलं हे टोक मला कोणी दाखवलं नव्हतं. दाखवणार कोणाला?

गेल्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीला लागून दोन संडास बांधले. दारं आतून बंद होणारी, उजेड आहे. टाकीपर्यंतची पाइपलाइन मात्र राहिली, पाणी अजून बादलीनं न्यावं लागतं. फळ्यावर ती ओळ आहे, खूण थेंबाची, आणि 'कधीपर्यंत'च्या रकान्यातली तारीख मी दोनदा खोडून पुढं ढकलली आहे. परवा फळ्यापुढं मावशी म्हणाली, "भाऊ, ही तारीख तिसऱ्यानं खोडसाल तं खडू मी लपवून ठेवीन." सगळे हसले. प्लंबर उद्या येतोय.